ढोल आणि तो वाहणारा

अकोल्यात श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने राजराजेश्वराला येते. सुमारे १८ किलोमीटरची चाल, आणि सोबत ढोल. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोणत्याही साधनाविषयी आमचा पहिला प्रश्न असतो, हे वाहणार कोण?

म्हणून ढोल विकत घेताना नुसता आवाज ऐकू नये. वाजवणाऱ्याला बांधून त्याला चार पावले चालवावे. पाठ वाकली, तर ढोल त्याच्यासाठी जड. पट्टा रुंद असावा.

कातडी पान घुमते, पण पावसाळी हवेत सैल पडते. प्लॅस्टिकचे पान भिजत नाही, आवाज मात्र कोरडा. ओले कातडे सुकताना आक्रसते, ताणलेले राहिले तर फाटते. यासाठी दोरी सैल करून ते सावलीत सुकवावे.

ढोलाला दिलेला हा विसावा वाजवणाऱ्यालाही द्यावा, आळीपाळीने. पान नवे बसवता येते. गेलेला कान परत येत नाही.