अंगणातलं कारंजं: ऐकीव किती, खरं किती

मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास फिरत असतो. तीन रिकाम्या बाटल्या, सलाइनच्या नळ्या, थोडं एमसील आणि विजेशिवाय अखंड उडणारं कारंजं. यातल्या बाटल्या खऱ्या, नळ्या खऱ्या, कारंजंही खरं. ‘अखंड’ तेवढं खोटं.

ही युक्ती पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावाने ओळखली जाते. वरच्या पसरट भांड्यातलं पाणी नळीतून सगळ्यात खालच्या बाटलीत उतरतं. तिथली हवा कोंडते आणि दुसऱ्या नळीने मधल्या बाटलीत शिरते. मधली बाटली आधीच पाण्याने भरलेली असते. हवेचा दाब ते पाणी तोटीतून वर उडवतो, ते वरच्या भांड्यात पडतं आणि फेरा पुरा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात मधली बाटली रिकामी होत असते आणि खालची भरत असते. मधलं पाणी संपलं की खेळ खलास. लिटरभराच्या बाटल्यांना काही मिनिटं पुरतात. मग खालचं पाणी काढून हातानेच पुन्हा मधल्या बाटलीत भरायचं. व्हिडिओ नेमका त्याआधी संपवलेला असतो. विज्ञान प्रदर्शनासाठी झकास वस्तू आहे, अंगणात मात्र तिचा उपयोग नाही.

म्हणून विजेशिवाय कारंजं उडतच नाही, असं मात्र नाही. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं सवाई माधवरावांसाठी बांधलेलं. विजेचा पंप कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हाचं. पेशव्यांच्या पुण्यात पाणी यायचं ते कात्रजच्या तलावातून, निव्वळ उताराने. पाणी उंचावरून येत असेल तर तेच जोर लावतं. आपल्या गच्चीवरच्या टाकीला नळी जोडून खाली तोटी बसवली तरी धार चांगली उडेल. पण टाकीत पाणी चढवलं मोटरनेच, आणि अंगणात पडलेलं पाणी आपण होऊन परत वर जाणार नाही. त्यापेक्षा टबात छोटा पंप सोडून तेच पाणी फिरवत ठेवणं शहाणपणाचं.

इथे पंपाच्या खोक्याने फसगत होते. कूलरच्या साध्या १८ वॉटच्या पंपावर बहुधा १.८५ मीटर असा आकडा असतो, आणि घेणारा समजतो की कारंजं सहा फूट उडणार. तो आकडा म्हणजे पंप पाणी जास्तीत जास्त जिथवर ढकलू शकतो ती उंची. त्या उंचीवर पाणी पोचतं आणि थबकतं. बाहेर थेंब पडत नाही. जितकी उंची कमी, तितकं पाणी जास्त. असा पंप घेऊन गुडघाभर धारेची अपेक्षा ठेवली तर निराशा होत नाही.

धार उंच जावी म्हणून पाइपच बारीक घ्यायचा, हा सल्लाही अर्धवट आहे. बारीक पाइपात पाणी घासत जातं आणि जोर वाटेतच मरतो. पाइप पंपाच्या तोंडाइतका जाड ठेवावा आणि फक्त शेवटची तोटी निमुळती करावी. शिवाय तोटीपासून टबाच्या काठापर्यंत जेवढं अंतर, त्याहून धार उंच नसलेली बरी. नाहीतर संध्याकाळच्या वाऱ्यावर निम्मं पाणी फरशीवर, आणि तासाभरात पंप कोरडा. कोरडा चाललेला पंप जळतो.

पाण्याची नासाडी होते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दोन फूट व्यासाच्या टबातून दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडालं, म्हणजे कडक उन्हाळा धरला, तरी हिशेब सव्वादोन लिटरच्या आसपास जातो, शिंतोडे वेगळे. अंगण नळीने धुणाऱ्यांनी ही तक्रार न केलेली बरी. विजेचं म्हणाल तर १८ वॉटचा पंप रोज चार तास चालवला तर महिन्याला दोन युनिटांहून थोडी जास्त.

उलट बाजूचा गैरसमज गारव्याचा. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, हे खरं. पण वरचं दोन-सव्वादोन लिटर पाणी दिवसभरात जेवढी उष्णता घेतं, तेवढी दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने पंधरा-सतरा मिनिटांत बाहेर टाकतो. हा गारवाही उघड्या अंगणात वाऱ्यावर जातो. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात कारंज्याशेजारी बसून किंचित बरं वाटेल. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तेवढंही नाही.

डासांबद्दल मात्र जपून. ‘वाहत्या पाण्यात डास होत नाहीत’ हे वाक्य बहुतांशी बरोबर आहे, फक्त आपलं कारंजं पाहुणे आले की सुरू आणि ते गेले की बंद. संध्याकाळी दोन तास चालणारा पंप उरलेले बावीस तास साचलेलं पाणी सांभाळत असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेघेच्या जरा वर, टबाच्या ओलसर भिंतीला चिकटवून. ती सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टब नुसता ओतून भागत नाही, काथ्याने घासावा लागतो. मोठं टाकं असेल आणि ते दर आठवड्याला उपसणं जमत नसेल, तर गप्पी मासे सोडावेत, पण पंपाच्या तोंडाला बारीक जाळी लावूनच. टाकं नव्या सिमेंटचं असेल तर घाई नको. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि मासे दगावतात. दोन-चार वेळा पाणी भरून, मुरवून, ओतून द्यावं.

आणि सगळ्यात घातक समजूत: पंप प्लास्टिकचा आहे, शिवाय मीटरपाशी एमसीबी आहे, मग शॉक कसला? एमसीबी पडतो तो भार वाढला किंवा शॉर्ट झाला तर. चिरलेल्या वायरीतून माणसाच्या अंगात जाणारा प्रवाह त्याच्या हिशेबी फारच थोडा. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि अर्थिंग नीट असलेला थ्री-पिन. वायरीचा जोड पाण्यात तर नकोच, जमिनीवरही नको. लहान मुलं पाण्यात हात घालणार, हे गृहीतच धरायचं. तेव्हा अॅडॉप्टरवर चालणारा १२ व्होल्टचा पंप घ्यावा आणि अॅडॉप्टर घरात कोरड्या जागी ठेवावा. धार थोडी कमी उडेल, उडू दे.

वास्तूवाले ईशान्य कोपरा सांगतात. तो कोपरा झाडाखाली येत नसेल आणि प्लगपासून लांब नसेल, तर माझी हरकत नाही. पाला पडणारी जागा कोणत्याही दिशेला असो, वाईटच.

चार-सहा महिन्यांनी धार बसली की पंप गेला म्हणून नवा आणतात, तेही उगाच. बोअरचं पाणी जड असेल तर तोटीत आणि पंपाच्या आतल्या पंख्यावर पांढरा क्षार धरतो. प्लग काढावा, पंपाची पुढची झाकणी उघडून पंखा बाहेर घ्यावा आणि तोटीसकट रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवावा. सकाळी जुन्या टूथब्रशने घासून परत बसवावा. पंप विटेवर उंच ठेवला असेल तर तळाचा गाळही आत ओढला जात नाही.