ढगांआडून पूर दिसतो. उसातला दिसतो का?

पावसाळ्यात कोल्हापुरात एकच प्रश्न घरोघरी विचारला जातो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ५५ फूटही ओलांडले. चिखली-आंबेवाडीतून बोटींनी माणसे काढावी लागली, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा वेळी बंधाऱ्यावरची पट्टी पाण्याची उंची सांगते. पाणी कुठवर पसरले, हे वरून पाहावे लागते.

पण वर ढग असतात. साधा कॅमेरा असलेला उपग्रह त्या दिवसांत फक्त ढगांचेच फोटो काढतो. म्हणून पुरासाठी रडार उपग्रह वापरतात. युरोपचा सेंटिनेल-१ किंवा इस्रोने फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४. हे उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतात. त्या ढगांतून आरपार जातात, रात्रीही चालतात. लहरी तिरक्या येतात आणि संथ पाणी त्यांना आरशासारखे पलीकडे परतवते. उपग्रहाकडे जवळपास काहीच परत येत नाही, त्यामुळे पाणी काळे दिसते. पुराआधीचे चित्र शेजारी ठेवले की नव्याने काळा झालेला भाग म्हणजे पूर. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र असे नकाशे बनवते.

आपल्याकडे खरी अडचण उसाची आहे. ऑगस्टमध्ये ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. सेंटिनेलच्या लहरी साधारण साडेपाच सेंटीमीटरच्या. त्या पाल्यावरूनच माघारी फिरतात. खाली कमरेएवढे पाणी असले तरी शेत कोरडे वाटू शकते. दाट वस्तीतही तसेच : भिंतींवर आपटून लहरी परततात आणि पाण्याने भरलेली गल्ली उजळ दिसते. त्यामुळे नकाशावर रंग नाही म्हणून तिथे बोट पाठवायची नाही, असा हिशेब जिवावर बेतेल.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या उपग्रहाकडून इथे आशा आहे. त्याच्या एका रडारची लहर सुमारे २४ सेंटीमीटरची, पाल्यातून बरीच आत शिरणारी. मात्र त्याच कक्षेतून तो १२ दिवसांनी येतो. पंचगंगा तेवढी वाट पाहत नाही.

म्हणून माझ्या मते या चित्रांचा मोठा उपयोग पुढच्या पुरासाठी आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांतील प्रत्येक चित्राची तारीख-वेळ आणि त्या वेळची राजाराम बंधाऱ्याची पातळी जुळवून ठेवली, तर ‘४७ फुटांना पाणी कुठवर येते’ याचा अंदाज आधीच गावाच्या हाती देता येईल. तेवढ्यावर जनावरे कधी हलवायची, हे ठरते. पंचनाम्यालाही नकाशाचा आधार मिळेल. उसाच्या शेतात मात्र तलाठ्याला बांधावर जावेच लागेल.