धडधाकट माणसाने मास्क लावावा का?

2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि बघता बघता शहरभर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं दिसू लागली. मास्क आजाऱ्याने लावायचा, ठणठणीत माणसाला त्याचा काय उपयोग, ही शंका तेव्हाही होती. कोरोनात तिने पुन्हा डोकं वर काढलं.

विषाणू कापडाच्या छिद्रांपेक्षा बारीक, म्हणजे तो आरपार जाणारच, हा युक्तिवाद चटकन पटतो. पण मास्क चाळणीसारखा काम करत नाही. एन-95 मध्ये गुंतलेल्या तंतूंचे विद्युतभारित थर असतात. मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात. अतिसूक्ष्म कण हवेत वेडेवाकडे भिरभिरत तंतूंना चिकटतात. अडवायला सर्वांत अवघड असतात ते सुमारे 0.3 मायक्रॉनचे कण, आणि या मास्कची परीक्षा त्यांच्यावरच घेतली जाते. त्यातले किमान 95 टक्के अडले पाहिजेत.

प्राणवायू कमी पडतो, ही भीतीही निराधार आहे. शल्यविशारद तासन् तास मास्क लावूनच उभे असतात.

‘मास्क निरुपयोगी ठरला’ असं सांगताना बहुतेक वेळा डेन्मार्कच्या 2020 मधल्या चाचणीचा दाखला दिला जातो. तिथे मास्क वापरणाऱ्यांत 1.8 टक्के, तर इतरांत 2.1 टक्के लोकांना संसर्ग झाला. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, हे खरं. मात्र संसर्ग निम्म्यावर येतो का, एवढंच जोखण्याच्या बेताने ती चाचणी आखली होती. त्याहून लहान फायदा तिच्या नजरेतून निसटणं साहजिक होतं. नॉर्वेत 2023 मध्ये साडेचार हजारांवर प्रौढांची दोन आठवडे पाहणी झाली. बाहेर वावरताना सर्जिकल मास्क लावणाऱ्यांपैकी 8.9 टक्क्यांनी सर्दी-खोकल्यासारखी लक्षणं नोंदवली, इतरांत हे प्रमाण 12.2 टक्के होतं. लक्षणं लोकांनी स्वतःच सांगितलेली, म्हणून हा आकडा जपूनच वापरावा. बांगलादेशातल्या सुमारे 600 गावांच्या अभ्यासात सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला कोरोना सुमारे 11 टक्क्यांनी घटला, साठीपुढच्यांत सुमारे 35 टक्क्यांनी. कापडी मास्कचा असा स्पष्ट फायदा दिसला नाही.

म्हणजे संरक्षण मिळतं, पण ते मर्यादित असतं. एन-95 सुद्धा गालाशी फट राहिली, दाढी आड आली किंवा नाकावरची पट्टी दाबली नाही, तर कमी पडतो; हवा फटीतूनच आत शिरते. झडपेचा मास्क लावणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा उच्छ्वास न गाळताच बाहेर सोडतो. म्हणूनच जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने असे मास्क सर्वसामान्यांनी वापरू नयेत, असं सांगितलं. साथीच्या दिवसांत वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात नेताना बिनझडपेचा, नीट बसणारा एन-95 घ्यावा आणि तिथल्या बंद, गर्दीच्या खोलीत तो नाकाखाली ओढू नये.