क्षेत्रीय ध्वनिमुद्रण आणि गाडीच्या बॅटरीचा उतरता दाब

भामरागडच्या अरण्यात माडिया बोलीचे ध्वनिमुद्रण करताना मुद्रक पुष्कळदा गाडीच्या बॅटरीवर चालवावा लागतो. पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. मुद्रकाला ५ वा ९ व्होल्ट लागतात. हे अंतर दाब उतरविणारा परिवर्तक सांभाळतो. त्यातील स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि एकूण काळाच्या जितक्या अंशात तो चालू असतो, स्थूलमानाने तितकाच अंश दाब बाहेर येतो.

बॅटरीचा दाब घटू लागला की परिवर्तक हा अंश वाढवितो व बाहेरचा दाब स्थिर राखतो. परंतु शक्ती तेवढीच पुरवावयाची असल्याने तो अधिक प्रवाह ओढतो. अर्थात् थकलेल्या बॅटरीला अधिकच थकवितो. स्विच अखंड चालू राहू लागला की उपाय संपतो. पुढे बाहेरचा दाब आतल्या दाबामागोमाग उतरतो आणि ठरावीक मर्यादेखाली परिवर्तक बंद पडतो.

इंजिन सुरू होताना दाब क्षणभर ९ व्होल्टांखालीही जाऊ शकतो. ५ व्होल्टांचा मुद्रक बहुधा निभावतो. ९ व्होल्टांचा थांबू शकतो. मुद्रक स्वतःच्या सेलवर आणि केवळ ध्वनिग्राहकाचा प्रवर्धक परिवर्तकावर असेल, तर धोका अधिक सूक्ष्म असतो: मुद्रणात निःशब्द खंड उरतो आणि प्रतिलेखक तो वक्त्याचा विराम समजतो. वृद्ध निवेदकाची कथा पुन्हा त्याच स्वराघातांनी ऐकावयास मिळत नाही. म्हणून निवेदन चालू असता किल्लीस हात लावू नये. शक्यतो स्वतंत्र बॅटरी न्यावी.