थंड इंजिन, अडकलेली झडप

सकाळी ७. नागपूरच्या नंदनवनात डिसेंबरची थंडी, पारा दहा-बाराच्या आसपास. जीप आदल्या संध्याकाळीच आणून ठेवायला सांगितली होती. हा आजार रात्रभर थंड पडलेल्या इंजिनावरच पकडता येतो. काकांची तक्रार एकच: "लय वेळ चोक ओढून ठेवा लागते, नाही तर चौकातच बंद पडते." गाडी दुसऱ्या महायुद्धातली विलीज, २१९९ सीसीची. प्लग काढले तर काळेकुट्ट.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कुशीला लोखंडी वजन असतं. सेल्फ मारायच्या आधी ते बोटानं फिरवून पाहिलं. ढिम्म.

८. जगनाडे चौकातून तर्री-पोहे आले. पोऱ्या विचारतो, "उस्ताद, प्लग काळे तर कार्बोरेटर काहून नाही खोलत?" या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड एक्झॉस्टवर बसवलेलं. मधे झडप, तिच्या शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला ते वजन. इंजिन थंड असताना दोन धातूंच्या पट्टीची स्प्रिंग झडप अशी धरते, की धुराचा गरम झोत वर वळून कार्बोरेटरखालचा भाग तापवतो. नाही तर पेट्रोलची वाफ होत नाही, ते भिंतींना चिकटून राहतं. तापल्यावर स्प्रिंग सैल पडते, झडप फिरते, धूर सरळ सायलेन्सरकडे जातो. आमची झडप सरळ वाटेवरच जाम. म्हणजे ऊब नाही, म्हणून चोक, म्हणून काळे प्लग. कार्बोरेटरचा काय दोष?

९. शाफ्टच्या दोन्ही टोकांना ग्रॅफाइटवालं गंज सोडवायचं तेल लावलं. पोऱ्यानं इंजिन ऑइलचा डबा उचलला होता, तो ठेवायला लावला. ते तापून जळतं, त्याचा कार्बन होतो आणि झडप आणखी पक्की बसते.

११. अँबेसेडर आली. तिच्या बीएमसी इंजिनात मॅनिफोल्ड तसंच तापतं, पण झडप नाही. ब्रेक करून पाठवली.

दुपारी १ ते ३. हलक्या हातोडीनं शाफ्टच्या या टोकावर ठक, त्या टोकावर ठक, परत तेल. वजनाला पान्हा लावून जोर करायचा मोह होतो. स्प्रिंग तुटली तर तशी मिळणं कठीण. जेवण झाल्यावर ते जरासं सरकलं, मग सुटलं. बोट काढलं की स्प्रिंगनं परत येतं, म्हणजे तिच्यात जीव आहे. इंजिन चालू करून रेस दिली. वजन हललं आणि तापत गेलं तसं वळत गेलं.

५. काका म्हणाले, "आपल्या नागपुरात गरमीच गरमी. वेल्ड करून टाक ना!" मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत झडप उलट्या बाजूला अडकली, तर कार्बोरेटरातलं पेट्रोल उकळतं आणि गाडी दम सोडते, म्हणून कित्येकांनी ती तारेनं उघडी बांधून टाकली आहे. फक्त २६ जानेवारीला मिरवायच्या जीपला ते चालेल. काका रोज पहाटे निघतात. त्यातून आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, त्याची वाफ व्हायला ऊब जास्त लागते. वेल्ड नाही केलं.

"महिन्यातून एकदा, थंड असताना, हेच तेल. आणि एप्रिल लागला की आणा, वजन पूर्ण फिरते का पाहू."