डोळ्यांवांचून रेडिओ

रेडिओचा जन्म कानासाठीं झाला. छापील मजकूर, चित्र, नकाशा, रंगभूमि या सर्वांत अंध माणसाच्या वांट्याला थोडेंबहुत उणेंच येतें. परंतु ध्वनीच्या बाबतींत डोळस आणि अंध असा भेद निसर्गानें ठेवलेला नाहीं. म्हणून ध्वनिक्षेपण सुरू झालें तेव्हां या नव्या साधनाचा मोठा लाभ अंधांस होईल, हें विचारी लोकांनीं लवकरच ओळखलें. इंग्लंडमध्यें १९२६ सालीं पार्लमेंटनें खास कायदा करून अंधांस रेडिओच्या परवान्याची फी माफ केली. १९२९ च्या नाताळच्या दिवशीं विन्स्टन चर्चिल यांनीं रेडिओवरूनच जनतेला आवाहन केलें, आणि अंधांच्या घरीं रेडिओ पोंचविण्यासाठीं निधि जमूं लागला.

या गोष्टींना शंभर वर्षें होत आलीं. मध्यंतरीं मात्र एक विलक्षण प्रकार घडला. रेडिओ ऐकण्याचें काम कानाकडेच राहिलें, पण रेडिओ चालविण्याचें काम बोटांकडून निघून डोळ्यांकडे गेलें. जें यंत्र अंधाचें सर्वांत जवळचें मित्र व्हावयाचें, त्याच्याच दारावर कांचेचा पडदा आला. हा पडदा कसा आला आणि तो दूर कसा करतां येतो, हें समजून घेण्यासारखें आहे.

जुन्या व्हॉल्व्हच्या संचाला दोन किंवा चार खुंट्या असत. एक खुंटी डावीकडे पूर्ण वळविली कीं टक् असा आवाज होऊन संच बंद पडे. उजवीकडे वळविली कीं आवाज चढे. दुसऱ्या खुंटीनें आंतला दोरा ओढला जाऊन तबकडीवरचा कांटा सरके, आणि कांटा दोन्ही टोकांस अडत असे. अंध श्रोता कांटा एका टोकाला नेई आणि तेथून खुंटी किती वळवावयाची हें मनगटाच्या अंदाजानें ठरवी. चार दिवसांत हात तयार होई. १९४८ सालीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. भंडारा जिल्ह्यांतील ज्या थोड्या घरांत तेव्हां रेडिओ होता, तेथें खुंटीची एकदां ओळख झालेल्या अंध माणसाला केंद्र लावून घेण्यासाठीं कोणाला हांक मारण्याचें कारण नव्हतें.

अंकी संच आले आणि ही सोय गेली. नव्या संचाची खुंटी अखंड गोल फिरते. तिला आदिहि नाहीं आणि अंतहि नाहीं, त्यामुळें ती किती फिरली यावरून कांहींच कळत नाहीं. कळ एकच, पण ती क्षणभर दाबली तर एक काम करते, दाबून धरली तर दुसरें करते, आणि सध्यां कोणतें काम चालू आहे तें फक्त पडद्यावर उमटतें. तरीहि जाणते श्रोते मोजणीनें मार्ग काढतात. आपल्याकडे मध्यमलहरीवर दोन शेजारच्या स्थानांमध्यें ९ किलोहर्ट्झचें अंतर ठेवलेलें आहे. नागपूर केंद्राचे कार्यक्रम अनेक वर्षें ५८५ किलोहर्ट्झवर ऐकले गेले. ज्या संचाची मध्यमलहर ५३१ पासून सुरू होते, त्यावर अगदीं खालीं जाऊन तेथून वर सहा टिचक्या मोजल्या कीं नागपूर सांपडावें. परंतु एक टिचकी चुकली, किंवा संचाचा आरंभ ५२२ वर असला, कीं सारा हिशेब बिघडतो. आणि तो बिघडला आहे हें सांगणारा अंक पुन्हां पडद्यावरच असतो.

साध्या रेडिओची ही गत, तर स्कॅनर नांवाच्या यंत्राची त्याहून कठीण आहे. स्कॅनर म्हणजे स्वतःच शोध घेणारा रेडिओ. त्याच्या स्मरणांत शेंकडों कंपनसंख्या, म्हणजे फ्रीक्वेन्सी, भरून ठेवतां येतात. तो एकामागून एक त्यांवरून भराभर जातो. जेथें कांहींच चालू नाहीं तेथील पोकळ खरखर दाबून टाकतो आणि जेथें कोणी बोलूं लागेल तेथें थांबतो. बोलणें संपलें कीं पुन्हां चालूं लागतो. रात्रीं गल्लींतून फिरतां फिरतां ज्या घरांतून आवाज येईल त्या दारापुढें थबकणाऱ्या पहारेकऱ्यासारखेंच हें काम आहे. पण थबकलेल्या पहारेकऱ्याला दारावरची पाटी वाचतां आली नाहीं तर त्यानें ऐकलेल्या शब्दांचा अर्थ काय लावावा? अंध श्रोत्याची नेमकी हीच अडचण होते. त्याला आवाज स्वच्छ ऐकूं येतो. परंतु तो कोणाचा, कोणत्या स्थानावरचा, हें सांगणारें नांव पडद्यावर उमटतें आणि बोलणें संपतांच निघून जातें. कान तृप्त होतो, ज्ञान मात्र अर्धें राहतें.

भारतांत स्कॅनर हातीं आला म्हणून वाटेल तें ऐकण्याची मोकळीक नाहीं, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. पोलीस किंवा सरकारी खात्यांचे परस्परांतील संदेश जनतेसाठीं नसतात, आणि दुसऱ्याचे संदेश बेकायदा मधल्यामध्यें ऐकणें हा २०२३ च्या दूरसंचार अधिनियमान्वयें गुन्हा आहे. सर्वांसाठीं असलेलें ध्वनिक्षेपण मात्र कोणींहि ऐकावें; आणि ज्यांस स्वतः बोलावयाचें आहे त्यांनीं सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घ्यावा. जगांत या हौशी मंडळींना हॅम म्हणतात. भारतांत त्यांस जीं क्षेत्रें दिलीं आहेत त्यांपैकीं १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हें विशेष वापरांतलें आहे. त्यांचे संच स्कॅनरचेंहि काम करतात, म्हणून अंधांच्या अडचणी आणि त्यांवरील उपाय दोहोंकडे सारखेच आहेत. या छंदाची भाषाहि मूळची कानाचीच: मोर्सच्या टिंबरेघा डोळ्यांनीं वाचावयाच्या नसून कानांनीं ओळखावयाच्या असतात. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत १९६७ सालीं हॅंडीहॅम ही चळवळ निघाली. तिनें अंध व अपंग लोकांना परीक्षेसाठीं शिकवून त्यांस संच चालविण्याची वाट दाखविली.

उपाय तीन पायऱ्यांचे आहेत. पहिली पायरी हाताची. मधल्या ५ या कळेवर उंच टिंब असावें, म्हणजे बाकीचे अंक आपोआप सांपडतात. प्रत्येक कळेचा आकार किंवा अंतर निराळें असावें. कळ दाबल्याचा आणि यादीचें टोक आल्याचा आवाज वेगवेगळा असावा. याला खर्च जवळजवळ नाहींच. लागतो तो विचार.

दुसरी पायरी वाणीची. केनवुड या जपानी कंपनीनें आपल्या हौशी संचांत बसविण्यासाठीं व्हीएस-१ आणि पुढें व्हीएस-२, व्हीएस-३ अशा छोट्या बोलत्या पट्ट्या काढल्या. त्या बसविल्या कीं संच आपली कंपनसंख्या आपल्या तोंडानें सांगतो. आयकॉम कंपनीच्या आयसी-७३०० या संचांत ही वाणी मुळांतच घातलेली आहे. एक कळ दाबली कीं कंपनसंख्या, बोलण्याचा प्रकार आणि येणाऱ्या लहरीचें बळ तो सांगतो. कांहीं लहानशा संचांत हीच माहिती मोर्समध्यें ऐकविण्याची सोय केलेली असते. मात्र यंत्र बोलूं लागलें एवढ्यानें काम होत नाहीं. त्यानें विचारल्यावर बोलावें, उगाच बडबडूं नये. त्याच्या वाणीचा आवाज बाहेरून येणाऱ्या आवाजापासून वेगळा कमीजास्त करतां यावा. नाहींतर दोन माणसें एकदम बोलावीं तसा गोंधळ होतो. आणि दुसरी कळ दाबतांच चालू वाक्य तत्काळ थांबावें. सरावलेल्या माणसाला अर्ध्या शब्दावरूनच अर्थ कळलेला असतो.

तिसरी पायरी संगणकाची, आणि स्कॅनरला खरा आधार तिचाच. युनिडेन कंपनीच्या अनेक स्कॅनरना संगणकाशीं जोडणारी तार लावतां येते. संगणकानें ठराविक अक्षरांची आज्ञा पाठविली कीं स्कॅनर कोणत्या कंपनसंख्येवर थांबला आहे, त्या स्थानाला काय नांव दिलें आहे, आवाज चालू आहे कीं बंद, हें तो साध्या अक्षरांत कळवितो. अक्षरें हातीं आलीं कीं अर्धें काम झालें, कारण अक्षरांना वाणी देणारीं साधनें आज उपलब्ध आहेत. २००६ पासून ऑस्ट्रेलियांतील दोन अंध तरुणांनीं सुरू केलेला एनव्हीडीए हा पडदावाचक कार्यक्रम कोणालाहि विनामूल्य मिळतो, आणि त्याच्या सोबत येणाऱ्या वाणींत मराठीहि आहे. २०१२ च्या सुमारास आणखी एक नवल झालें: दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पकडण्यासाठीं बनविलेली बोटाएवढी स्वस्त पट्टी संगणकाला जोडून तिचा सर्वसंचारी रेडिओ करतां येतो, असें हौशी लोकांस उमगलें. पण येथेंहि जुनाच धोका आहे. ज्या कार्यक्रमांत कळांना नांवें न देतां नुसतीं चित्रें काढलेलीं असतात, आणि लहरींचा रंगीत धबधबा पाहूनच स्थान निवडावें लागतें, तेथें पडदावाचक मुका होतो. माहिती अक्षरांत असावी, प्रत्येक कळेला नांव असावें, आणि जें उंदीर सरकवून होतें तें कळा दाबूनहि व्हावें, एवढा नियम पाळला तर तोच कार्यक्रम डोळसाला व अंधाला सारखाच चालतो.

मराठी वाणी करणाऱ्यांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. मराठींतील शंभरापर्यंतचे अंक नियमानें बनत नाहींत. प्रत्येकाचें नांव वेगळें पाठ करावें लागतें. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, त्रेसष्ट आणि त्रेहत्तर, हे शब्द खरखरींत ऐकले तर फसगत होते. म्हणून यंत्रानें १४५.६७५ ही संख्या ‘एकशें पंचेचाळीस दशांश सहाशें पंचाहत्तर’ अशी न वाचतां ‘एक चार पांच दशांश सहा सात पांच’ अशी सुटी वाचावी. शाळेंत शिकलेली संख्या शोभून दिसते. कामाच्या वेळीं सुटे अंकच विश्वासाचे ठरतात.

हा सारा खटाटोप करमणुकीपुरता नाहीं. वैनगंगा मध्यप्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत उगम पावून भंडाऱ्याच्या अंगावरून वाहते, आणि वरच्या बाजूस पडलेल्या पावसाचें पाणी खालीं स्वच्छ ऊन असतांहि येऊं शकतें. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस असा महापूर आला. भंडारा शहरांत पाणी शिरलें आणि पवनी तालुक्यांतील गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. पुरांत वीज जाऊं शकते, मोबाइलचा मनोराहि बंद पडूं शकतो. सेलवर चालणारा लहान रेडिओ तेव्हां मोलाचा होतो. डोळस माणूस खिडकींतून पाणी कोठवर आलें तें पाहूं शकतो. अंधाला बातमी हाच डोळा. ती बातमी देणारें यंत्र त्याच्या हातांत असून त्याला तें लावतां येत नसेल, तर त्याचें संकट दुप्पट होतें. १९९३ च्या सप्टेंबरांत किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी रेडिओवाल्यांनीं संदेश पोंचविण्याचें काम केलें, हें महाराष्ट्राला ठाऊक आहे. कानाचा अभ्यास झालेला अंध परवानाधारक अशा वेळीं केवळ मदत घेणारा न राहतां मदत देणारा होऊं शकतो. त्याच्या आड येतो तो केवळ पडदा.

भंडाऱ्याशेजारीं नागपुरांत या दिशेनें एक पाऊल पडलेलें आहे. अनेक वर्षें काम करणारी दि ब्लाइंड रिलीफ असोसिएशन आणि सक्षम ही संस्था यांनीं २०२२ सालीं अंधांसाठीं रेडिओ अक्ष ही इंटरनेटवरील वाहिनी सुरू केली. ती ऐकण्यासाठीं कांचेचाच फोन हातीं घ्यावा लागतो. पण २००९ पासून अशा कांचेच्या फोनमध्यें पडदा वाचून दाखविणारी सोय येऊं लागली, म्हणून तो अंधालाहि चालवितां येतो. गुळगुळीत कांच बोलूं शकते, तर बटणांचा रेडिओ मुका राहण्याचें कारण काय?

कायदाहि याच बाजूचा आहे. नित्य वापरावयाचीं विजेचीं उपकरणें सर्वांना वापरतां येतील अशा घडणीचीं मिळावींत यासाठीं सरकारनें उपाय योजावेत, असें २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमाच्या ४२ व्या कलमांत सांगितलें आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहींत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय दिला.

परंतु कायद्याची वाट पाहत न बसतां घरोघरींहि कांहीं करतां येण्यासारखें आहे. ज्या घरांत अंध माणूस आहे, किंवा वयामुळें ज्यांची दृष्टि मंदावली आहे अशीं वडील माणसें आहेत, तेथें रेडिओ घेतांना दुकानांत डोळे मिटून तो एकदां चालवून पाहावा. चालू-बंद झाल्याचें बोटांना कळतें कीं नाहीं, केंद्र बदलल्याचें कानाला कळतें कीं नाहीं, आवडीचीं केंद्रें एका कळेवर ठेवतां येतात कीं नाहीं, हें विचारावें. गिऱ्हाईक विचारूं लागलें म्हणजे दुकानदार विचारतो, आणि दुकानदार विचारूं लागला म्हणजे कारखानदाराला उत्तर द्यावें लागतें. घरीं आणल्यावर महत्त्वाच्या कळेवर डिंकाचा उंच ठिपका लावून द्यावा, केंद्रांचा क्रम अंध माणसाला विचारून ठरवावा, आणि मग तो संच त्याच्या हातीं देऊन आपला हात मागें घ्यावा. दुसऱ्यानें लावून दिलेला रेडिओ आणि स्वतः लावलेला रेडिओ यांतून आवाज एकच येतो. परंतु पहिल्यांत उपकार असतो आणि दुसऱ्यांत स्वातंत्र्य.