पिशाच्चांची रीतभात

पिशाच्चांनाही शिष्टाचार असतो, असे कुणी म्हटले तर आपण हसाल. पण १९९१ साली अमेरिकेत मार्क राइन-हेगन यांनी ‘व्हँपायर : द मास्करेड’ हा खेळ काढला. खेळणारे टेबलाभोवती बसून एकेक रक्तपिपासू होतात, आणि पहिला धडा गिरवतात तो अदबीचा!

त्यांच्या दरबारी शहराचा धनी ‘प्रिन्स’; मग ती बाई का असेना. परक्या शहरात पाऊल टाकले की आधी त्याच्यापुढे हजर व्हायचे. ‘एलिसियम’ ही भेटीची जागा. बहुधा एखादे नाट्यगृह किंवा संग्रहालय. तिथे हत्यार उपसायचे नाही.

मग भांडायचे कशाने? उपकारांनी! कोण कुणाचे किती देणे लागतो, हे ‘हार्पी’ नावाच्या चोंबड्या मानकऱ्यांना तोंडपाठ. उपकार विसरणाऱ्याची पत ते एका टोमण्यात धुळीला मिळवतात. आपली आहेराची वही आठवली ना?

कारण उघड आहे. ज्याला म्हातारपण नाही, त्याचा वैरीही शतकानुशतके समोर बसणार. सुळे तर सगळ्यांनाच आहेत. रीत मोडली तर पहाटेपर्यंत दरबारच उरायचा नाही. म्हणून तिथला नमस्कार प्रेमाचा नसतो, भीतीचा असतो.

दिवाळीत आपण घरोघर वाकतो, त्यांतले किती नमस्कार निराळे असतात?